आधी चिप, मग लस

मे महिन्यात नवऱ्याला जर्मनीतल्या नोकरीचं पत्र आलं. त्या रात्री जेवताना आम्ही पगाराचं बोललो नाही, घराचं बोललो नाही. भुरीचं काय करायचं, एवढंच बोललो. ती नेहमीसारखी पायाशी बसली होती, ताटातल्या भाकरीवर डोळा ठेवून.

भुरी देशी आहे. सहा वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात सिंहगड रस्त्याला ड्रेनेजच्या पाइपांच्या ढिगात सापडली, ओंजळीत मावेल एवढी. आता १९ किलोची आहे. दवाखान्याच्या कार्डावर तिच्या जातीपुढे ‘नॉन-डिस्क्रिप्ट’ असं लिहिलंय. आपल्याकडे सगळ्याच देशी कुत्र्यांपुढे तसंच लिहितात. वर्णन करता येत नाही असं तिच्यात काय आहे, हा प्रश्न मला दर वर्षी लस देताना पडतो. फिकट विटकरी रंग, एक कान उभा, एक कान दुमडलेला, शेपटीच्या टोकाला पांढरं. एवढं तर कुणीही सांगेल.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, तिकडे कुत्र्यांना काय तोटा? हिला ठेव की कुणाच्या तरी शेतावर.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण त्यानंतर दोन दिवस मला त्यांच्याशी बोलवेना. आई म्हणाली, “माझ्याकडे राहील. पण ती दाराकडे बघत बसेल आणि मी तिच्याकडे.” तिथंच आमचं ठरलं.

भारतातून युरोपीय महासंघात कुत्रं किंवा मांजर न्यायचं तर आम्ही गेलो तेव्हा नियम असे होते. त्वचेखाली ओळख पटवणारी, यंत्राने वाचता येणारी चिप हवी, आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची, १५ अंकी क्रमांकाची. रेबीजची लस हवी. लशीनंतर किमान ३० दिवस गेल्यावर रक्त काढून ते महासंघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं आणि त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटीबॉडीजचं, प्रमाण मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरायला हवं. रक्त काढल्याच्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. मग निघायच्या आधी सरकारी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र घ्यायचं, ते १० दिवसांच्या आत तिकडच्या विमानतळावर दाखवायचं. जपान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांतून येणाऱ्या प्राण्यांना रक्ताची ही तपासणी लागत नाही. भारत त्या यादीत नाही.

हे सगळं मी पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं आणि तरी चुकले. का चुकले ते सविस्तर सांगते, कारण नंतर भेटलेल्या दोन कुटुंबांची चूक अगदी हीच होती.

भुरीची लस दर जानेवारीत होते. त्या वर्षी ११ जानेवारीला झाली होती. कार्डावर लशीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेलं, बॅच क्रमांक, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. १८ मेला आम्ही ओळखीच्या दवाखान्यात जाऊन चिप बसवली. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी असते ती, जाड सुईने मानेच्या मागे, खांद्यांच्या मधोमध सोडतात. भुरी एकदाच कुंईं करून गप्प झाली. डॉक्टर म्हणाले, लस चालू आहे, चिप बसली, आता रक्त पाठवून देऊ. २५ मेला रक्त काढलं. जूनच्या मध्यावर अहवाल आला: २.१. लागतं त्याच्या चौपट. मी आईकडे पेढे घेऊन गेले.

मुंबईत प्राण्यांच्या परदेशवारीची कामं करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी सांगितलेलं शुल्क आमच्या दोघांच्या तिकिटांहून जास्त होतं, म्हणून त्यांना काम दिलं नव्हतं, पण विमानात जागा कशी मिळते एवढं विचारायला फोन केला. ते म्हणाले, कागद पाठवा. मी कार्डाचे फोटो पाठवले. दोन मिनिटांत त्यांचा फोन आला. “ताई, चिप १८ मेची आणि लस ११ जानेवारीची. ही लस धरत नाहीत.”

मी म्हटलं, अहो, लस तर हिलाच दिली आहे, रक्तात दिसतंय की.

ते शांतपणे म्हणाले, “जानेवारीत जिला लस दिली ती हीच कुत्री, हे तिकडच्या माणसाला कशावरून कळणार? नंबर तर मेमध्ये आला.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जिन्यात बसून होते. त्यांचं म्हणणं खरं होतं. चिपच्या आधी झालेली लस नियमाच्या नजरेत कुठल्याच कुत्र्याची नसते. आधी नंबर, मग त्या नंबरची लस, मग त्या लशीचं रक्त. क्रम उलटला की पुढचं सगळं कोसळतं, रक्तात कितीही एकक निघोत. नुसती चिप आणि लस एकाच दिवशी, एकाच टेबलावर झाली असती, आधी चिप आणि पाच मिनिटांनी लस, तरी चाललं असतं. पुण्यात हे चटकन न कळण्याचं कारणही मला नंतर उमगलं. आपल्याकडे लस कुत्र्याला वाचवायला देतात, ओळख पटवायला नव्हे. डॉक्टरांनी त्यांच्या परीने बरोबरच केलं होतं. नियमाची प्रत त्यांच्यापुढे ठेवून ओळीवर बोट ठेवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

२२ जूनला पुन्हा लस दिली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केला आणि पुढचे गोल मोजत गेले. ३० दिवस धरून, वर एक दिवस सोडून, २३ जुलैला रक्त. तिथून तीन महिने म्हणजे २३ ऑक्टोबर. नवऱ्याला १ ऑगस्टला रुजू व्हायचं होतं. तो जुलैच्या शेवटी एकटाच गेला. मी आणि भुरी मागे राहिलो.

ते तीन महिने का, यावर मी सुरुवातीला फार चिडले होते. रक्त चांगलं निघालंय, मग थांबायचं कशाला? उत्तर कळल्यावर राग गेला. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडे, कधी महिने जातात. लशीच्या आधीच एखाद्या कुत्र्याला चावा झाला असेल तर ते वरून ठणठणीत दिसतं, आणि लक्षणं सुरू झाली की उपाय उरत नाही. त्या तीन महिन्यांत कुत्रं निरोगी राहिलं, तर धोका टळला असं धरतात. जर्मनी २००८ पासून भूचर प्राण्यांतल्या रेबीजपासून मुक्त आहे. कोल्ह्यांसाठी रानात लशीची आमिषं टाकून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं तेव्हा हे जमलं. आणि जगात रेबीजने जेवढी माणसं दगावतात त्यांतली तिसरा हिस्सा भारतातली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आपल्याला हे आकड्यांतून कळायची गरजही नाही. माझ्या आजोळी, माण तालुक्यात, पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की बायका पोरांना ओढून घरात घ्यायच्या. माझ्या थोरल्या मामाला लहानपणी चावा झाला होता, तर त्याला बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यायला आजोबा रोज एसटीने साताऱ्याला नेत. मामा त्या इंजेक्शनांची आठवण काढताना साठीतसुद्धा पोटावर हात ठेवायचा. अशा घरातल्या मुलीने तीन महिन्यांच्या नियमाला छळ म्हणणं मला शोभत नव्हतं.

रक्ताचं प्रकरण नाजूक असतं. नुसतं रक्त पाठवत नाहीत, ते यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी, सीरम, वेगळं काढतात आणि थंड पेटीतून पाठवतात. दुसऱ्या वेळी आम्ही ते जर्मनीतल्याच, महासंघाच्या यादीतल्या प्रयोगशाळेला पाठवलं. बरोबरच्या अर्जावर चिपचा नंबर, लशीची तारीख, रक्त काढल्याची तारीख. दवाखान्यातल्या मुलाने अर्ज भरला आणि पेटी बंद करणार तेवढ्यात मी म्हटलं, एकदा वाचू दे. पंधरा अंकांतला बारावा अंक ८ च्या जागी ६ पडला होता. तसाच गेला असता तर तो अहवाल दुसऱ्याच कुणा कुत्र्याचा ठरला असता आणि आमचे आणखी काही महिने गेले असते. त्या दिवसापासून तो नंबर मला पाठ आहे, आईच्या लँडलाइनच्या नंबरासारखा. प्रत्येक कागद हातात आला की आधी नंबर, मग तारीख, मग बाकीचं.

ऑगस्टच्या मध्यावर अहवाल आला. ३.४. या वेळी पेढे आणले नाहीत, देवापुढे साखर ठेवली.

मग लागलं पेटीचं काम. विमानात माणसाशेजारी न्यायला पिशवीसकट साधारण ८ किलोची मर्यादा असते, त्यामुळे भुरी खालच्या कप्प्यातच जाणार होती. तो कप्पा म्हणजे अंधारी, गारठलेली अडगळ असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. जिवंत प्राणी ठेवतात त्या भागात हवेचा दाब वर आपल्याला असतो तेवढाच असतो आणि तापमान राखलेलं असतं. पेटीचं माप मात्र आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमाने काढावं लागतं. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, त्यात पुढच्या पायाची जमिनीपासून कोपरापर्यंतची निम्मी उंची मिळवायची, म्हणजे पेटीची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट म्हणजे रुंदी. उभं राहिल्यावर कानाच्या टोकापर्यंतची उंची, उभा कान धरून. भुरीचा एक कान दुमडलेला, तरी उभाच मोजायचा. ७२ अधिक १५ म्हणजे ८७ सेंटीमीटर, म्हणून ९१ सेंटीमीटरची पेटी घेतली. प्लॅस्टिकच्या खटक्यांच्या जागी लोखंडी नटबोल्ट लावले आणि दाराला आतून अडकवायची पाण्याची वाटी घेतली.

पेटी दिवाणखान्यात ठेवून दार काढून टाकलं. पहिले आठ दिवस भुरी तिला वळसा घालून जायची. मग मी तिची दूध-भाकरी पेटीच्या तोंडाशी ठेवायला लागले, रोज चार बोटं आत. तिसऱ्या आठवड्यात ती आत बसून जेवायला लागली. आजीच्या हातची एक गोधडी होती, नऊवारीच्या तुकड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती अर्धी कापून आत अंथरली. कापताना आईने तोंड फिरवलं. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, ढोलताशे वाजायला लागले, तेव्हा भुरी आपण होऊन पेटीत जाऊन झोपली. मला त्या क्षणी वाटलं, आता ही जाईल. दार लावायला शिकवलं ते त्यानंतर: आधी एक मिनिट, मग दहा, मग मी भाजी आणून येईपर्यंत.

झोपेचं औषध द्यायचं का, हे सगळे विचारतात. देऊ नका. गुंगीत असलेल्या जनावराचा रक्तदाब आणि श्वास उंचावर बिघडू शकतो, आणि पेटी सरकली तर त्याला पाय रोवून स्वतःला सावरता येत नाही. विमान कंपन्याही गुंगीतलं कुत्रं घेत नाहीत. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर बऱ्याच कंपन्या खालच्या कप्प्यात घेतच नाहीत. त्यांच्या घरच्यांनी तिकिटाच्याही आधी हे विचारावं.

आणखी एका ठिकाणी अडखळले. चिपचा दाखला नवऱ्याच्या नावावर होता, कारण त्या दिवशी पैसे त्याने भरले होते. आणि नियम असा, की मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांत प्राण्याने प्रवास केला तरच तो घरचा म्हणून धरतात. मालक जुलैत गेलेला आणि कुत्री नोव्हेंबरात जाणार, म्हणजे माल म्हणून गणती आणि वेगळेच सोपस्कार. दवाखान्यातून दाखला माझ्या नावावर करून घेतला, लशीच्या कार्डावरही माझंच नाव घातलं. ज्याने कुत्र्याबरोबर विमानात बसायचं, त्याचंच नाव पहिल्या दिवसापासून घालावं.

प्रमाणपत्राची वेळ आली. भारतातून प्राणी बाहेर नेताना आरोग्य प्रमाणपत्र देतं ते केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याचं प्राणी विलगीकरण व प्रमाणन केंद्र. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि बेंगळुरूला अशी केंद्रं आहेत. पुण्याहून मुंबईचं जवळचं. २ नोव्हेंबरला पहाटे पेटी गाडीत घालून एक्स्प्रेस वेवरून डोंबिवलीला मावशीकडे गेलो. मावशीने आयुष्यात कुत्र्याला हात लावला नव्हता. संध्याकाळी ती भुरीला गरम भात फुंकर घालून भरवत होती.

दुसऱ्या दिवशी केंद्रातले डॉक्टर चिप वाचायचं यंत्र भुरीच्या मानेवरून फिरवत होते. पहिल्यांदा काही आवाज आला नाही, दुसऱ्यांदाही नाही. माझ्या हाताला घाम फुटला. चिप कधी कधी जागची थोडी सरकते. त्यांनी खांद्याच्या कडेने खाली यंत्र नेलं आणि टिक् असा आवाज आला. ते एकेक अंक मोठ्याने वाचत गेले, मी हातातल्या कागदाकडे न बघता बरोबर म्हणत गेले. पंधरावा अंक झाल्यावर ते म्हणाले, “तुम्हाला पाठ आहे!” मग त्यांनी लशीची तारीख पाहिली, चिपची पाहिली, परत लशीची पाहिली. नुसती मान हलवली. त्या एका मान हलवण्यासाठी मी मेपासून नोव्हेंबरपर्यंत थांबले होते.

प्रमाणपत्र इंग्रजी आणि जर्मन दोन्ही भाषांत होतं, प्रत्येक पानावर शिक्का. जर्मनीला जंताचं औषध प्रमाणपत्रावर लागत नाही. माझी मैत्रीण डब्लिनला कुत्रा घेऊन गेली, तिला ते लागलं, तेही पोचण्याच्या आधी २४ ते १२० तासांच्या मधेच दिलेलं. आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वे यांना जाणाऱ्यांनी तेवढं बघून ठेवावं.

विमान ६ तारखेला मध्यरात्रीनंतरचं होतं. दिवसा मुंबईत नोव्हेंबरातही ऊन लागतं, म्हणून रात्रीचं मुद्दाम घेतलं. दुपारी थोडा दहीभात, नंतर फक्त पाणी. वाटीतलं पाणी मावशीच्या फ्रीजरमध्ये गोठवून घेतलं होतं, म्हणजे चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळून प्यायला मिळतं. विमानतळावर भुरीला बाहेर काढून रिकामी पेटी क्ष-किरणातून गेली. सुरक्षा दलातली एक मुलगी, विशीतली असेल, भुरीसमोर उकिडवी बसली आणि मराठीत म्हणाली, “घाबरू नको गं, आई आहे ना बरोबर.” तोवर मी धीराने होते. पेटी ढकलत नेली तेव्हा भुरी भुंकली नाही, दाराच्या जाळीला नाक लावून माझ्याकडे बघत राहिली. मी हात वर करून चालायला लागले, कारण मी थांबले असते तर ती रडली असती.

नऊ तासांत मी डोळा मिटला नाही. विमानात शिरताना कर्मचारी बाईंना सांगितलं होतं, खाली माझी कुत्री आहे. दार बंद व्हायच्या आधी त्या येऊन सांगून गेल्या, चढवली आहे, शांत आहे. हे प्रत्येकाने विचारावं, ते सांगतात.

फ्रँकफर्टला मोठ्या सामानाच्या जागी पेटी आली तेव्हा गोधडी ओली नव्हती आणि वाटी रिकामी होती. मला पाहून भुरीने शेपटी पेटीच्या भिंतीवर एवढ्या जोरात आपटली की दोन माणसं वळून बघायला लागली. जाहीर करण्यासारखं काही असणाऱ्यांनी लाल मार्गाने जायचं असतं, तसे गेलो. कस्टम्सच्या अधिकाऱ्याने कागद चाळले, यंत्र फिरवलं, नंबर जुळवला, अहवालावरची तारीख बोटांवर मोजली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. शिक्का मारला आणि दाराकडे हात केला. सात मिनिटांहून जास्त लागली नसतील.

बाहेर नवरा उभा होता. भुरीने त्याला आधी ओळखलं नाही, जाड कोट आणि टोपी होती. मग वाऱ्याबरोबर वास गेला असावा. पुढचं लिहीत नाही.

पंधरा दिवसांनी डार्मस्टाटमधल्या पशुवैद्यक बाईंनी तिचा निळा युरोपीय पासपोर्ट केला. जातीच्या रकान्यात त्या ‘मिशलिंग’, म्हणजे मिश्र, लिहायला लागल्या. मी म्हटलं, मिश्र नाही, भारतातली देशी आहे, हजारो वर्षं तशीच आहे. त्यांनी पेन थांबवलं, भुरीच्या कानांकडे पाहिलं, आणि मला स्पेलिंग विचारून तिथे ‘इंडियन देसी’ असं लिहिलं. रेबीजच्या तपासणीच्या पानावर २३ जुलैची नोंद झाली. लस मुदतीत देत राहिलं तर ही नोंद कायम चालते. पुण्याला जाऊन यायचं झालं तरी पुन्हा रक्त नाही, पुन्हा तीन महिने नाहीत. एक दिवस जरी मुदत चुकली तर मात्र सगळं पहिल्यापासून.

डिसेंबरात आईने लोणचं आणि मेतकुटाबरोबर नव्या वर्षाचं कालनिर्णय पाठवलं. ते इथल्या स्वयंपाकघरात लावलं. लशीची मुदत २१ जूनला संपते. मी लाल गोल १० जूनवर केला आहे.